मुक्ताबाईचा टाक

विठाबाई अक्षत घेऊन येणार हे कळल्यापासून भिमाबाई पदर गळ्याशी आवळून बसली होती. चैत्र सरत आलेला, माळवदाच्या घरात सकाळीच जीव कोंडायला लागलेला, अंगणातल्या कोंबड्या चोची उघड्या टाकून भिंतीच्या सावलीला पडलेल्या, आणि ही बाई हिव भरल्यासारखी गुंडाळून घेतलेली.

कमलबाईनं ते पाहिलं. कमलबाई म्हणजे हिंमतरावांची बायको, घरातली थोरली सून. तिच्या नजरेतून या घरात काही सुटत नसे, आणि सुटलंच तर ते तिनं होऊन सोडलेलं असे.

"आत्याबाई, घसा धरला का?" तिनं चुलीपुढून विचारलं.

"न्हाय गं."

"मग पदर कामून आवळलाय?"

"वारं लागतंय जरा."

बाहेर लिंबाचं पान हलत नव्हतं. कमलबाईनं भाकरी उलटली, आणि सासूचं उत्तर मनातल्या मनात नावे टाकून ठेवलं. वसुली पुढं करता येते.

भिमाबाईच्या गळ्यात काय असतं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. तात्यारावांना ती दुसरेपणावर दिलेली. पहिली मुक्ताबाई, विठाबाईचं बारसं व्हायच्या आतच गेली. तिचा जीव घरात घुटमळू नये, दुसरीला तिनं सुखानं नांदू द्यावं, म्हणून रिवाजाप्रमाणं रुपयाएवढा चांदीचा टाक करून आणला. त्यावर बसलेल्या बाईचा ठसा उठवलेला. हळद लागण्याआधी तो काळ्या दोऱ्यात ओवून नव्या नवरीच्या गळ्यात बांधला. तेव्हापासून मुक्ताबाई भिमाबाईच्या गळ्यात. पहिला घास तिला दाखवायचा, नवं लुगडं आधी तिला टेकवायचं आणि मग नेसायचं. तात्याराव वारले त्या दिवशी भिमाबाईचे काळे मणी उतरवले, टाक मात्र राहिला. नवऱ्याचं गेलं, सवतीचं राहिलं. भिमाबाई कधी हसून म्हणायची, "संसार केला तरी कुणासंगं म्या, तेच कळंना."

पोरं तिला मावशी म्हणायची. म्हणजे मुक्ताबाईची दोघं, हिंमतराव आणि विठाबाई. तिचा स्वतःचा आबाराव तिला माय म्हणायचा. एका घरात एकाच बाईची अशी दोन खाती होती, आणि ती कधी एकमेकांत मिसळली नव्हती. विठाबाई माहेरी आली की भिमाबाईच्या पाया पडत नसे. समोर उभी राहायची, टाक हातात घ्यायची, कपाळाला लावायची, अंगठ्यानं जरा चोळायची, मग "मावशी, बऱ्या हाव ना?" तेवढा वेळ भिमाबाई हनुवटी वर करून, देव्हाऱ्याची फळी उभी करावी तशी उभी. आता तर विठाबाईच्या पोरीचं, शेवंताचं लग्न. मुक्ताबाईची पहिली नात उजवायची म्हणजे पहिली अक्षत मुक्ताबाईला. ती घेऊन विठाबाई वाशीहून दुपारच्या यष्टीनं येणार होती.

आणि भिमाबाईच्या पदराखाली जी होती ती मुक्ताबाई नव्हती.

*

आबाराव गोठ्यात बैलाला पेंडी टाकत होता. पेंडी कसली, उसाचं वाळलेलं वाढं. तेही चेअरमन भावानं सोसायटीतून आणवलेलं. कामाला आज खाडा होता. पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर तो हजेरी घ्यायचा. त्याच कामावर गेल्या हिवाळ्यापासून त्याची आई आणि वहिनीही खडी फोडत होत्या. चेअरमनच्या घरच्या बायका खडीवर, म्हणून गाव आधी चकित झालं, मग स्वतःच्या बायका पाठवायला मोकळं झालं.

"माय, दादाला अजून सांगितलं न्हाईस?"

"तू सांग. घिऊन तर तू गेल्तास."

"तू दिलास म्हून गेलो! आता म्या चोर का?"

"हळू बोल. कमलचे कान भिंतीत हायत."

झालं होतं ते असं. टाक झिजून कागद झाला होता. कडीपाशी चीर गेलेली. हातोडा उचलला की तो पोलक्यावर आपटायचा, आणि खडीच्या ढिगात एकदा पडला असता तर तलावाच्या भिंतीतच गेला असता. विठाबाई लग्नाची अक्षत आणणार आणि सासरी जाऊन सांगणार की माझ्या आयचा टाक फाटका होता, ही लाज भिमाबाईला सोसवेना. तिला हिंमतरावांच्या लग्नाच्या वेळचं आठवलं. तेव्हा देव्हाऱ्यातले देवाचे झिजलेले टाक असेच तुळजापूरला नेले होते. जुनी चांदी आटवून नव्यात घातली, भंडारा वाहिला, देव तेच राहिले. आजेसासूनं तेव्हा स्वतः सांगितलं होतं, जुनं नव्यात पडलं की देव हलत नाही.

म्हणून आबाराव सोसायटीच्या कामाला तुळजापूरला निघाला तेव्हा तिनं दोरा सोडून टाक त्याच्या हातावर ठेवला. वर आपल्या माहेरचा, हातात घालायचा एक चांदीचा गोठ दिला. नुसत्या जुन्यात नवा टाक होणार नाही हे तिला कळत होतं.

सोनारानं ठशांची पेटी पुढं ओढून विचारलं होतं, "बसलेली का उभी?" आबाराव म्हणाला होता, बसलेली. मग सोनारानं जुना टाक मुशीत टाकला. आबारावला वाटलं होतं वितळायला वेळ लागेल, निदान थांबा म्हणता येईल एवढा. पण तो पत्रा निखाऱ्यावरच्या मुशीत कडेनं आत वळला आणि थेंब झाला. आबारावनं उगाचच टोपी काढून हातात घेतली होती. सोनार म्हणाला, "काय झालं?" तो म्हणाला, "काही न्हाय, उकडतंय."

"माय, दाखव तरी."

भिमाबाईनं पदर सोडला. नवा टाक ठसठशीत. बाईला नाक होतं, नाकात नथ होती, वटारल्यासारखे डोळे होते.

"ही बघती माझ्याकडं," भिमाबाई म्हणाली. "ती कधी बघत नव्हती. सकाळी घास दाखवला तर मला वाटलं, कुणा पाहुणीला जेवाया वाढती म्या."

"मग आता?"

"आता काय. विठा येती. तिच्या अंगठ्याला समदं कळतंय."

*

हिंमतरावांना कळलं ते बायकोकडून. सोसायटीचे चेअरमन झाल्यापासून हिंमतराव घरातही ठराव मांडल्यासारखे बोलायचे. त्यामुळं कमलबाई त्यांना बातमी सभेला देतात तशी द्यायची, आधी विषय आणि मग तपशील.

"आत्याबाईच्या गळ्यात घोळ हाय."

"कसला घोळ?"

"पदर सोडीनात. आन् आबाभावजी तुळजापूरहून आल्यापासून गोठ्यात मायलेकाचं काय ते चाललंय."

हिंमतराव दारालगतच्या ढाळजेत आहेराची लुगडी पुन्हा पुन्हा घडी करत बसले होते. हे लग्न त्यांनी जमवलेलं. भूमचे पाहुणे, मुलगा यष्टीत कंडक्टर, अशा सालात मिळालेलं स्थळ. नवरीच्या पाठीमागं मामा म्हणून तेच उभे राहणार होते. पाहुणे मानपानाला तिखट. एवढ्यातेवढ्यावरून मोडून जातील अशी धास्ती त्यांना महिनाभर पोटात घेऊन फिरावी लागत होती. त्यात घरात घोळ.

"आबा!" त्यांनी हाक मारली. "टाक कुठं ठिवला?"

आबाराव दारात आला. "मायच्या गळ्यात हाय."

"खरं?"

"टाक हाय."

"टाक हाय म्हंजे? सरळ बोल. विकला?"

"दादा, तोंड सांभाळून! मायचा जीव त्याच्यात, आन् म्या विकीन?"

"तुज्या मायचा जीव असंल. आय माझी हाय त्यात!"

हे बोलून हिंमतराव स्वतःच दचकले. इतक्या वर्षांत ते या घरात कुणी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. वाढप एका पंक्तीत, शेत एका खात्यात, पण हे वाक्य कुठंतरी शिलकीत पडून होतंच.

भिमाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली. गळ्यावरचा पदर तिनं आपल्या हातानं बाजूला केला.

"हिंमतराव, ही घ्या. चीर गेल्ती, म्या नवा करून आणवला. जुनी चांदी ह्याच्यातच हाय. देवाचं करतो तसं केलं."

हिंमतराव पुढं वाकून पाहत राहिले. आधी त्यांना सुटल्यासारखंच वाटलं. विकला नाही, हरवला नाही, माल घरात आहे. मग दुसरा हिशोब सुरू झाला, आणि तोंड उतरलं.

"विठी काय म्हणंल?"

"तेच तर," भिमाबाई म्हणाली.

"सांगायचंच न्हाय," आबाराव म्हणाला. "चिंच लावून उजळला म्हनू. चकाकतोय म्हणून वेगळा दिसतो, म्हनू."

"चिंचंनं नाकात नथ उगवती व्हय भावजी?" कमलबाई म्हणाली.

हिंमतरावांनी हात वर केला, सभेत करतात तसा. "हे बगा. लग्न सोमवारी हाय. तवर विठीला कळू द्यायचं न्हाय. मावशी, तुमी पडून ऱ्हावा. अंगात कणकण हाय म्हना. गोधडी घ्या. अक्षत म्या देव्हाऱ्यात ठिवून घेतो."

मघाशी आबारावला चोर म्हणणारा भाऊ आता त्याच्याच बाजूला येऊन बसला होता. कमलबाईला याचं नवल वाटलं नाही. तिनं एवढंच विचारलं, "ह्या उकाड्यात गोधडी?"

बाहेर रस्त्यावर यष्टीचा आवाज थांबला.

*

विठाबाई घामानं निथळत आली. हातात फडक्यात बांधलेला पितळी डबा. उंबऱ्यात पाय धुवायला कमलबाईनं तांब्यात पाणी आणलं ते पाऊण. ते पाहून विठाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे वहिनी, पायावर शिंपड नुसतं. आमच्याकडंबी तसंच हाय." मग तिनं आत पाहिलं. "मावशी कुठायत? आधी आयला अक्षत."

"त्यांना जरा कणकण हाय," हिंमतराव म्हणाले.

"कणकण हाय तर मग गळा तर जाग्यावर हाय ना?" विठाबाई हसली, आणि आत गेली.

भिमाबाई गोधडी घेऊन पडली नव्हती. ती देव्हाऱ्यापाशी उभी होती, पदर नीट डोक्यावर, गळा मोकळा. हिंमतरावांचा ठराव तिनं मंजूर केलाच नव्हता.

विठाबाईनं डबा खाली ठेवला. सवयीनं हात पुढं झाला. टाक बोटांत आला, आणि अंगठा त्यावर फिरून जागच्या जागी थांबला.

"हे कोन?"

तिनं टाक उजेडाकडं वळवला.

"मावशी, हे कोन हाय?"

"तुजी आयच हाय विठा. जुना फाटला व्हता. त्याचीच चांदी..."

"आटवला?"

"देवाचे आटवत्यात ना, आजीसासूबाईनी—"

"देवाला काय! देवाला दहा तोंडं!" विठाबाईचा आवाज चढला आणि फाटला. "मला एकच तोंड व्हतं. फोटू न्हाय, काय न्हाय. एवढं रुपयाएवढं तोंड व्हतं मला."

"त्याला तोंड व्हतं कुठं?" भिमाबाई हळू म्हणाली. "सपाट झालं व्हतं."

"मला दिसत व्हतं!"

"तूच सपाट केलंस बाई. कडंवर असायचीस माझ्या. दोरा मुठीत धरून अंगठ्यानं चोळत ऱ्हायचीस, तवा झोप लागायची तुला. दात आलं तवा चावलीस बी. तुझं दूध सुटलं तरी ते सुटलं न्हाय. नाक आदी गेलं, मग डोळं."

विठाबाईला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिनं टाक सोडला, तसा तो भिमाबाईच्या छातीवर पडला. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि बराच वेळ डब्याच्या फडक्याची गाठ सोडत आणि बांधत राहिली. मग एकदम म्हणाली,

"म्या सुतक धरनार."

हिंमतरावांना नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "काय?"

"माझी आय गेली. सुतक धरनार."

"अगं विठे, टाक आटवला म्हून सुतक? कुठं लिवलंय असं?"

"माणूस आगीत गेलं दादा. त्याला दुसरं काय म्हणत्यात तुमच्या सोसायटीत?"

*

त्या दुपारी त्या घरात जी चर्चा झाली ती गावच्या कुठल्याही सभेपेक्षा गंभीर होती, आणि तिला अध्यक्ष असूनही नव्हता. हिंमतराव येरझाऱ्या घालत होते. सुतक म्हणजे लग्न पुढं गेलं. पुढं गेलं म्हणजे भूमचे पाहुणे विचारणार, कोण वारलं? काय सांगायचं? चाळीस वर्षांमागं गेलेली नवरीची आजी परवा पुन्हा गेली? पाहुणे हसतील, आणि हसणारे पाहुणे रागावलेल्या पाहुण्यांपेक्षा लवकर माघारी जातात. पुढं कुठला मुहूर्त, तोवर कुठलं पाणी?

मग त्यांच्या लक्षात आणखी एक आलं आणि ते जागीच उभे राहिले.

"आरं, म्या तर ल्योक! मला दहा दिस! मामा म्हणून उभा कोन ऱ्हाणार?"

"म्या ऱ्हातो," आबाराव म्हणाला.

"तू सावतर!"

"आत्ता मघाशी तर आपण एक व्हतो की दादा."

"भांडा," कमलबाई म्हणाली. "पाहुणे यायच्या आत उरकून घ्या."

तिला राग आला होता, आणि तो कुणावर हे तिलाच नीट उमगत नव्हतं. सासूच्या पेटीच्या तळाशी चिंधीत बांधलेले दोन गोठ होते. भिमाबाईच्या आईनं लेकीच्या लग्नात स्वतःच्या हातातले उतरवून घातलेले, तिलाही तिच्या आईकडून आलेले. ते पुढं आपल्याकडं येणार हे कमलबाईनं या घरात पाय ठेवला त्याच वर्षी मनात जमा धरलं होतं. सकाळी सासू अंघोळीला गेली तेव्हा तिनं पेटी उघडली होती. चिंधीत एकच.

"वन्सं," ती विठाबाईसमोर जाऊन बसली. "त्या टाकात तुमच्या आयची चांदी चिमूटभर हाय. बाकीचं काय हाय इचारा की."

"कमल," भिमाबाई म्हणाली.

"गप बसा आत्याबाई. ह्यांचा गोठ हाय त्यात. माहेरचा. ह्यांच्या आयच्या हातातला, आन् तिच्याबी आयच्या हातातला. तुमची आय आटली म्हून तुमी सुतक धरता. ह्यांचीबी आय आटली तिथंच. त्यांनी धरलं का? सकाळपास्नं नुसता पदर धरून बसल्यात."

विठाबाईनं मान वर केली. भिमाबाईकडं पाहिलं. पायापासून डोक्यापर्यंत असं तिनं या बाईला बहुतेक पहिल्यांदाच पाहिलं असावं. आजवर तिची नजर गळ्याच्या वर जात नसे आणि खालीही नाही.

"खरं व्हय मावशी?"

"एकटी चांदी पुरंना म्हून दिला. त्यात काय."

"मग मला इचारायचं तरी व्हतं."

"इचारलं असतं तर तू फाटकाच ऱ्हाऊ दे म्हणाली असतीस. आन् एक दिवस खडीत पडला असता. मग कुणाला काय दाखवलं असतं म्या?" भिमाबाईनं टाक मुठीत धरला. "चुकलंच. देवाचं येगळं, माणसाचं येगळं, हे ध्यानात आलं न्हाय. पन तू येईनाशी होऊ नको विठा. त्याच्यासाठी का होईना, येत व्हतीस."

हेच होतं ते. सकाळपासून पदराखाली धरलेलं हेच होतं. टाक असेपर्यंत मुक्ताबाईच्या लेकीला या दारात यायला कारण होतं. टाकावरची ओळख पुसली म्हणजे लेकीनं कुणाकडं यायचं?

पण विठाबाईचा हट्ट सुटला नाही. ती तात्यारावांची लेक होती, आणि तात्याराव धरलेलं सोडत नसत.

"सुतक म्या धरनारच," ती म्हणाली. "म्या पाळण्यात व्हते. दादाचं डोकं भादरलं, बापानं पिंड दिलं, माझ्याकडनं कुणी एक तांब्या वतून घेतला न्हाय. माझं ऱ्हायलंय."

खोलीतली हवा जरा सैल झाली. तिनं नकळत दार दाखवलं होतं, आणि ते सगळ्यात आधी भिमाबाईला दिसलं.

"मग धर की," ती म्हणाली. "हिंमतरावांनी तवाच धरलंय, त्यांचं फिटलं. त्यांनी खुशाल मामा म्हणून उभं ऱ्हावं. तुजं तेवढं ऱ्हायलंय. आन् तू दिली लेक. दिल्या लेकीला तीन दिस. सोमवारच्या आत फिटतंय."

हिंमतरावांनी बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं, आणि खाली बसले. मामाची जागा वाचली होती.

"आन् म्या बी धरीन," भिमाबाई म्हणाली.

"तुमी कशाला? सवतीचं सुतक?" हिंमतराव म्हणाले.

"मग कोनाचं धरू? तुमच्या बापासंगं राहिले त्याच्याहून जास्त तिच्यासंगं राहिले म्या. दहा दिस धरीन. मांडवात आले न्हाय तरी चालंल."

"तुमी मांडवात न्हाय आला तर म्या लगीनच लावत न्हाय," विठाबाई म्हणाली. ती हे रागानंच म्हणाली. तिला दुसरी रीत माहीत नव्हती.

सगळे पुन्हा अडकले. दहा दिवस म्हणजे लग्न ओलांडून पलीकडं. शेवटी कमलबाई उठली.

"सवतीचं सुतक किती दिसाचं, हे कुणाला ठावं हाय का हितं?"

कुणालाच नव्हतं.

"मग तीनच. ज्याला पटंना त्यानं उठून शास्त्र आणावं."

आबारावनं हात वर केला. हिंमतरावांनीही केला. असा ठराव त्या घरात एकमतानं पहिल्यांदाच झाला.

*

अंगणात तुळशीपलीकडं पाट मांडला. घरात एक घागर होती, संध्याकाळची. कमलबाईनं ती उचलून आणली आणि पाटाखाली परात सारली. अंगावरून उतरलेलं पाणी बैलाला होईल. अंघोळ म्हणायची एवढंच, नेसत्या लुगड्यानं डोक्यावर चार तांबे. टाक देव्हाऱ्यात उतरवून ठेवला होता. भिमाबाईचा गळा उघडा दिसत होता. दोऱ्याच्या जागी एक फिकट रेघ, उरलेली मान उन्हानं रापलेली.

ती आधी बसली. विठाबाईनं तांब्या भरला आणि ओतायला हात नेला तो मधेच थांबला. बाईच्या केसांत बारीक खडीची धूळ होती. विठाबाईनं बोटांनी ती हळू झाडली, मग पाणी ओतलं. धार बारीक, थेंब वाया जाऊ न देणारी.

मग विठाबाई बसली. भिमाबाईनं ओतलं. रीतीप्रमाणं आता रडायचं. बायका रडतात ते गेलेलीला धरून. तुझा हात असा होता, तू मला असं म्हणाली होतीस, असं एकेक काढत. विठाबाईनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"काय गं?"

"कशाला धरून रडू? मला काहीच ठावं न्हाय तिचं." तिनं ओल्या तोंडानं दाराकडं पाहिलं. "दादा, तू मोठा व्हतास. तुला आठवत असंल की."

हिंमतराव ढाळजेच्या खांबाआड पाठमोरे उभे होते. बायकांच्या अंघोळीकडं बघायचं नाही म्हणून, आणि त्यामुळं तोंडही लपलं ते बरंच झालं होतं. इतक्या वर्षांत त्यांना कुणी विचारलं नव्हतं. बापानं बंदी केली नव्हती, पण दुसरी घरात आली तिच्यासमोर पहिलीचं काढायचं नाही एवढं पोरालाही कळत होतं. न काढता काढता बरंच झिजून गेलं. चेहरा गेला. आवाज गेला.

"चेहरा न्हाय आठवत," ते म्हणाले.

"मग?"

"हात आठवतो." ठराव मांडायचा आवाज कुठं गेला कुणास ठाऊक. "डावा. भाकरी डाव्या हातानं थापायची. आजीला ते खपायचं न्हाय. अशुभ म्हणायची, उलथन्यानं मारायची हातावर. आय उजव्या हातानं थापायला लागायची. आजी भायेर गेली की पुन्हा डावा. माझ्याकडं बघून हसायची, सांगू नको म्हून. म्या कधी सांगितलं न्हाय."

विठाबाईच्या केसांतून पाणी परातीत ठिबकत होतं. ती पाटावरून तशीच उठली.

"शेवंता डावरी हाय," ती म्हणाली.

"आं?"

"डावरी हाय माझी शेवंता. कुणावर गेली, कुणावर गेली म्हून म्या इतकी वर्सं सासूच्या घराण्याला नावं ठिवली. मारलं, चटकं दिलं, आईकंना. आज निघताना तिच्या डाव्या हाताला फडकं बांधून आले. पाहुण्याम्होरं चुकून पुढं येऊ नये म्हून."

कमलबाईच्या हातात कोरडं लुगडं होतं ते तिनं पुढं केलं. विठाबाईनं ते घेतलं नाही.

"आबा, वाशीची यष्टी कधी?"

"आत्ता आली म्हंजी हाय. अगं पण केस तरी वाळव. आन् भाकर खा. इतकी घाई कशाची?"

विठाबाई ओल्या लुगड्यानंच पायात वहाणा घालत होती.

"फडकं सोडायचं हाय," ती म्हणाली.